खोक्यातील कागदाचे परीक्षण

या पानावर एरवी पुस्तकांचे परीक्षण येते. या वेळी आम्ही एक माहितीपत्रक निवडले आहे. ते मुरुमांवरच्या ट्रेटिनॉइन मलमाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले असते. नागपूरच्या प्रताप नगरात आम्ही पाहतो, ट्यूब नववी-दहावीच्या मुलांच्या हाती पोचते आणि कागद खोक्यासकट केरात जातो.

पत्रकातील विज्ञान बिनचूक आहे. ट्रेटिनॉइन म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणारे रेटिनॉइक आम्ल. त्वचेच्या रंध्रात मृत पेशींचा बूच ते बसू देत नाही. अमेरिकेत क्लिगमन व सहकाऱ्यांनी मुरुमांवरील हा उपयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध केला.

दोष आहे तो सांगण्यात. मजकूर इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे. 'पातळ थर लावा' म्हणजे किती? साऱ्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढे पुरते. मुले प्रत्येक पुटकुळीवर थापतात, त्वचा सोलते. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी आठव्या दिवशी मलम टाकून देतो, नाहीतर दुप्पट लावतो.

'ऊन टाळा' हे दोन शब्द पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात, भर दुपारी सायकलवरून शिकवणीला जाणाऱ्या मुलीला पुरेसे नाहीत. तिला सांगायला हवे: मलम रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला एक रात्र आड लावावे. डोळे, ओठ व नाकपुड्यांचे कोपरे वगळावेत. कोरडेपणा वाटल्यास साधे मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन आणि वर दुपट्टा. गरोदरपणात हे मलम वापरू नये.

याहून घातक आहे ती नावांची गल्लत. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन व स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेली मलमे काळ्या डागांसाठी असतात. गोरेपणासाठी किंवा मुरुमांवर ती लावली जातात. स्टेरॉइडने चेहरा आधी उजळल्यासारखा दिसतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते आणि पुटकुळ्या वाढतात. शासनाने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. म्हणून खोक्यावरील घटक वाचणे आलेच.

शिक्षकमित्रहो, 'अ' म्हटले की आपण गाजर, पपई आणि रातांधळेपणा शिकवतो. त्यामुळे जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवी, असा समज मुलांच्या मनात पक्का बसतो. तो धडा घेताना हा कागद वर्गात उघडा आणि त्याचे दहा ओळींचे मराठी पत्रक मुलांकडूनच लिहून घ्या. पहिली ओळ मात्र आपण सांगावी: डॉक्टरांना विचारल्याशिवाय ट्यूब उघडू नये.