'स्प्रेकवोर्त' : एका डच शब्दाचा अर्थ

डच भाषेत म्हणीला 'स्प्रेकवोर्त' म्हणतात. 'स्प्रेकेन' म्हणजे बोलणे, 'वोर्त' म्हणजे शब्द. प्रथमदर्शनी ही द्विरुक्ती वाटते; न बोलला जाणारा शब्द तो कोणता? परंतु येथे 'वोर्त' म्हणजे सुटा शब्द नव्हे. आपण 'शब्द दिला' म्हणतो तेव्हा जसे वचन अभिप्रेत असते, तशीच येथे उक्ती अभिप्रेत आहे. लोकांच्या बोलण्यात रुळलेली उक्ती ती स्प्रेकवोर्त. जर्मन 'श्प्रिखवोर्ट' हा त्याचा सख्खा भाऊ. त्याच अर्थाकडे झुकणारा दुसरा डच शब्द 'खेझेख्दे' तर आपल्या घरचाच वाटावा. 'झेखेन' म्हणजे म्हणणे व 'खेझेख्दे' म्हणजे म्हटलेले. 'म्हणणे'वरून 'म्हण' आली, तीच ही वाट.

आजचे डच कोशकार मात्र काटेकोर आहेत. पूर्ण व न बदलणारे वाक्य असेल तरच ते स्प्रेकवोर्त. वाक्यात मिसळून रूप पालटणारा तो नुसता वाक्प्रचार. 'वासरू बुडाले की विहीर बुजवितात' ही उक्ती पहिल्या वर्गातली. (बैल गेल्यावर झोपा करणारा आपला शेतकरी त्या माणसाचा शेजारीच म्हणायचा!) 'भिंतीवर डोके आपटणे' दुसऱ्या वर्गातले. आपली शालेय व्याकरणेही हीच शिस्त पाळतात.

ह्या शिस्तीने पीटर ब्रूगेलच्या 1559 च्या, बर्लिनमधील चित्राकडे पाहिले की पंचाईत होते. शंभराहून अधिक उक्ती एका गावात नांदविणारे हे चित्र 'स्प्रेकवोर्त' ह्याच नावाने ओळखले जाते. त्यात बुडालेले वासरू आहे, तसाच भिंतीवर डोके आपटणारा शिपाईगडीही आहे. मध्यभागी एक स्त्री नवऱ्याला निळा झगा पांघरते. तिने त्याला फसविले असा त्याचा अर्थ. हाही वाक्प्रचारच! काटेकोर पंडित म्हणेल, चित्राचे नाव चुकले.

मला ते नाव योग्य वाटते. व्युत्पत्तीने आजचा अर्थ बांधला जात नाही हे मान्य. परंतु ह्या शब्दाच्या घडणीत पूर्ण वाक्याची अट कोठेच नाही, बोलण्यात असण्याची आहे. रॉटरडॅमच्या इरॅस्मसनेही 1500 साली प्रथम छापलेल्या व पुढे चार हजारांवर गेलेल्या आपल्या लॅटिन संग्रहात वाक्ये व वाक्प्रचार शेजारी शेजारीच बसविले. म्हणून ब्रूगेलच्या चित्राला मराठीत केवळ 'म्हणी' म्हटले, की अर्धे गाव नावाबाहेर राहते. दाते-कर्वे यांनी आपल्या कोशासाठी योजिलेला 'वाक्संप्रदाय' हा शब्द येथे अधिक चपखल बसेल. त्यात दोन्ही मावतात.