जनुकाचा ‘खटका’ : एका रूपकाची मर्यादा

जनुकाचे प्रतिलेखन म्हणजे दिव्याचा खटका दाबणे, हे रूपक आपल्या अध्यापनात इतके रुळले आहे की त्याच्या उगमाचा विसर पडतो. १९६१ साली जाकोब व मोनो यांनी मांडलेले ओपेरॉनचे प्रतिमान ई. कोलाय या जीवाणूच्या अभ्यासातून आले. तेथे नियामक प्रथिन जनुकाच्या लगतच बसते. सस्तन प्राण्यांच्या पेशीस ते जसेच्या तसे लावणे समर्थनीय नाही. उंदरातील ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक पाहावे. पायाच्या अंकुरात त्यास चालना देणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे एन्हान्सर, ८ लाखांहून अधिक बेस-जोड्या दूर, तोही दुसऱ्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेवढाच तुकडा वगळताच पायांचा टोकाकडील भाग घडला नाही. इतर अवयवांतील त्याच जनुकाचे कार्य मात्र अबाधित राहिले. मग खटका नेमका कोणता मानायचा? माणसात याच एन्हान्सरमधील एका बेसच्या बदलामुळेही अंगठ्याच्या बाजूस जादा बोट उद्भवू शकते, हे २००३ पासून ज्ञात आहे. केवळ ‘खटका’ शिकलेला विद्यार्थी त्याचे कारण जनुकात किंवा त्याच्या लगतच शोधत राहील.