‘खंडणी’ आणि ‘सोडवणूक’ : ख्रिस्ती धर्मग्रंथांतील मुक्तिविचाराची मराठी परिभाषा

जुन्या मराठी ख्रिस्ती ग्रंथांचा संग्रह करणारे गृहस्थ बहुधा मुद्रणस्थल, सन व लिपि एवढेंच टिपून घेतात. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण 1616 त गोव्यांत रोमन लिपींत छापलें गेलें, त्याची देवनागरी प्रत लंडन येथील मार्सडेन-संग्रहांत आहे, सेरामपूरहून मत्तयाचें शुभवर्तमान 1805 त निघालें. ही माहिती मोलाची खरी. परंतु त्यांतील शब्द पारखण्याचें काम इतिहासज्ञांनीं धर्मोपदेशकांवर सोपवून दिलें आहे, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. निदान एका शब्दाचा निकाल तरी दप्तरखान्यांतच लागण्यासारखा आहे. तो शब्द ‘खंडणी’ होय.

मार्काच्या शुभवर्तमानांत (10:45) येशू आपला जीव पुष्कळांसाठीं देतो असें सांगतांना मूळ ग्रीकांत ‘ल्युत्रोन’ हा शब्द आला आहे. दास किंवा युद्धकैदी सोडविण्यासाठीं भरावयाचें द्रव्य, हा त्याचा अर्थ. प्रचलित मराठी भाषांतरांत त्यास ‘खंडणी’ हा प्रतिशब्द आहे. ‘खंड’ म्हणजे एकठोक ठरविलेली रक्कम. तेव्हां शब्द अगदींच निराधार नव्हे. पण मराठी कागदपत्रें चाळणाऱ्याच्या कानास खंडणी म्हणजे काय? फौज मुलखावर उतरली असतां लूट टाळण्यासाठीं द्यावी लागते ती. 1795 त खर्ड्याच्या लढाईनंतर निजामाच्या दरबारास कबूल करावी लागली ती. तींत घेणारा प्रबळ व देणारा भयभीत असतो, आणि यंदा भरली तरी पुढल्या सालीं तगादा उभाच. हा अर्थ मनांत ठेवून वचन वाचलें कीं प्रश्न उद्भवतो: ही खंडणी घेतली कोणीं? ओरिजेननें तिसऱ्या शतकांत ती सैतानास पोंचल्याचें मत मांडलें. अन्सेल्मनें अकराव्या शतकाच्या अखेरीस त्या मताविरुद्ध ग्रंथ रचला. म्हणजे पाश्चात्य पंडितांस शतकानुशतकें छळणारा हा वाद मराठी शब्दानें वाचकाच्या उंबऱ्याशींच आणून ठेविला. शिवाय हें अर्पण एकदांच घडलें, पुन्हा नाहीं, असा इब्रींस पत्राचा आग्रह आहे. सालोसालच्या वसुलीशीं त्याचा मेळ कसा बसावा?

इब्री मुळाकडे गेलें तर चित्र निराळें दिसतें. तेथें सोडविणारास ‘गोएल’ म्हणतात, आणि गोएल हा परका नसून जवळचा भाऊबंद असतो. लेवीयाच्या 25 व्या अध्यायांत दरिद्री झालेल्या बांधवाची विकलेली जमीन, आणि त्यानें स्वतःसच विकलें असल्यास तो बांधव, नातलगानें सोडवावा असा नियम आहे. कोणी न सोडविल्यास पन्नासाव्या वर्षीं तो आपोआप सुटे. रूथच्या कथेंत तर बवाज नगराच्या वेशींत दहा वडील मंडळी बसवितो, अधिक जवळच्या नातलगास आधीं विचारतो, तो नकार देऊन पायांतील जोडा काढतो, आणि मग व्यवहार पुरा होतो. हें वाचून ज्यास गोतसभा आणि महजर आठवणार नाहीं, त्यानें आपलीं वतनी दप्तरें वायांच वाचलीं! या व्यवहारास आपल्याकडे शब्द आहेच: गहाण सोडविणें. ‘सोडवणूक’ या शब्दांत पैसा येतो, जुना हक्क येतो, आणि मुख्य म्हणजे नातें येतें. खंडणींत नातें मुळींच नाहीं.

‘मुक्ति’ शब्दाची अडचण उलट आहे. स्टीफन्स यांनीं स्वर्गास वैकुंठ म्हटलें, ओंवी छंद घेतला, आणि मुक्तीचा शब्दही आपल्याकडचाच वापरला. पंडिता रमाबाईंस बायबलांतील अशी संस्कृत परिभाषा खटकली, व त्यांनीं सोप्या मराठींत स्वतंत्र भाषांतर केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर 1924 त प्रसिद्ध झालें. तथापि केडगांवच्या त्यांच्या संस्थेचें नांव मात्र ‘मुक्ति’च. जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटणें हा त्या शब्दाचा रूढ अर्थ. पौलाचें स्वातंत्र्य असें नाहीं. तेथें सुटलेला दास लगेच दुसऱ्या धन्याचा होतो, आणि तेंच त्याचें स्वातंत्र्य. डाइसमान या जर्मन पंडितानें 1908 त डेल्फी येथील लेखांकडे लक्ष वेधलें. तेथें दासमुक्तीचे हजाराहून अधिक शिलालेख असून त्यांत दास अपोलो देवास विकला जातो, म्हणजेच मोकळा होतो. पुढील अभ्यासकांनीं या साम्याविषयीं शंका घेतली आहे, व ती रास्त आहे. कारण डेल्फीस पैसा बहुधा दासानेंच सांठविलेला असे.

तरी मराठी वाचकानें डेल्फीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानलेलें नर्सी हें हिंगोली जिल्ह्यांत आहे. त्या घरची दासी, गंगाखेडची जनाबाई, आपल्या अभंगांत स्वतःस नामदेवाची दासी म्हणूनच नोंदविते, आणि त्या दास्यांत तिला बंधन दिसत नाहीं. पौलाचें मत जनाबाईचेंच, असें आमचें म्हणणें नव्हे. परंतु दास्य व मोकळीक एका वाक्यांत बसविणारी मराठी आधींच सिद्ध होती, आणि भाषांतरकारांनीं ती न पाहतां लष्करी शब्द उचलला.

आमच्या मतावर एक आक्षेप खरा आहे. गहाण धरणारा सावकार कायद्यानें हक्कदार असतो. मग पापास तसा हक्क मानावयाचा काय? याचें समाधानकारक उत्तर आम्हांपाशीं नाहीं. परंतु ‘सोडवणूक’, ‘सोडवून घेणें’ हे शब्द जुन्या गहाणखतांत कोणकोणत्या अर्थीं येतात, भाऊबंदांस सोडविण्याचा अग्रहक्क कोठें नमूद आहे, आणि माणूस गहाण ठेवल्याचा लेख कोणापाशीं आहे काय, हें कळल्यास चर्चा पुढें नेतां येईल. परभणी व हिंगोलीकडील ज्या संग्राहकांपाशीं असे मोडी रुमाल असतील, त्यांनीं नकला पाठविण्याची कृपा करावी.