मागच्या सीटवरून दिसणारी पाठ

रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' १९७४ साली आलं. त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. नंतर ते लाखांनी खपलं. १९६८च्या उन्हाळ्यात मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला केलेला प्रवास, मागे अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस आणि बुडाखाली होंडाची ३०५ सीसीची 'सुपर हॉक'. ही गाडी आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. माझ्याकडे तिची गरीब भाची म्हणावी अशी वडिलांची हिरो होंडा सीडी १०० आहे आणि ती अजून हिंगोली-वसमत रस्त्यावर पळते. त्यामुळे हे पुस्तक मी थोडं घरचं म्हणूनच वाचलं.

पुस्तकाचा मुख्य मुद्दा एका हँडलवरून सुरू होतो. सोबतच्या जॉनच्या बीएमडब्ल्यूचं हँडल ढिलं होतं. पर्सिग म्हणतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून आत घालू, बसेल घट्ट. जॉनला हा अपमान वाटतो. एवढ्या भारी गाडीत डब्याचा पत्रा? इथून पर्सिग दोन नजरा वेगळ्या करतो. एक वस्तू दिसते कशी ते पाहणारी, दुसरी ती चालते कशी ते पाहणारी. या दोन नजरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, तिला तो 'क्वालिटी' म्हणतो. हिंगोलीच्या वाचकाला जॉनचा राग कळायला जरा वेळ लागतो. आपल्याकडे तेलाच्या डब्याचा पत्रा कुठे कुठे बसलाय, हे मोजायला गेलं तर संध्याकाळ व्हायची.

१९८५ साली सीडी १०० बाजारात आली. तिच्या जाहिरातीचा सूर होता: पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. म्हणजे यंत्र पर्सिगच्या पसंतीचं आणि ग्राहक मात्र जॉनसारखा हवा! ९७ सीसीच्या त्या इंजिनाने मास्तर, ग्रामसेवक, हळदवाले शेतकरी सगळ्यांना रस्त्यावर आणलं. पण विसरणं काही जमलं नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. मग काडीने उकरा, नाहीतर मडगार्डच काढून ठेवा. गाडी बंद पडली की पहिला प्रश्न असतो, "रिझर्व्हला लावली का?" पर्सिगला हा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं नाही. एका जुन्या सहलीत भर पावसात गाडी बंद पडली, त्याने टाकी हलवून पाहिली, पेट्रोल आहे म्हणून बाकी सगळं तपासलं आणि शेवटी सहलच सोडून दिली. टाकीत होतं ते रिझर्व्हचं पेट्रोल, हे त्याला नंतर कळलं. पुस्तकातला हा मला सगळ्यात आवडलेला भाग, कारण इथे तो गुरू नाही.

माझी तक्रार गॅरेजच्या प्रसंगाशी आहे. तिथली पोरं रेडिओ मोठ्याने लावून काम करतात, इंजिनाची वाट लावतात आणि खरा दोष निघतो पंचवीस सेंटच्या एका पिनेत. पर्सिगचा निष्कर्ष असा की या पोरांचं कामात मन नाही, ती नुसती प्रेक्षक आहेत. असेलही. पण दिवसाला किती गाड्या हातावेगळ्या करायच्या, पगार किती, हे त्याने विचारलेलं नाही. त्यांची बाजू पुस्तकात येतच नाही. आमच्याकडे मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा मोबाईलवर गाणी लावूनच टॅपेट सेट करतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो की चेन सैल आहे. मन लावणं ही पर्सिगच्या पुस्तकात गाडीच्या मालकाला लाभलेली साधना आहे. ज्याच्या मालकीचा फक्त पाना आहे, त्याच्या साधनेला तिथे जागा नाही.

आणि हीच नजर ख्रिसलाही चुकवते. सगळा प्रवास तो मागे बसलाय, पोट दुखतंय, रडतोय, चिडतोय. बाप पुढे बसून मनातल्या मनात व्याख्यान देतोय. शेवटाकडे हेल्मेट काढलेली असताना तो पायदानावर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला पहिल्यांदा रस्ता दिसतो. तोवर त्याला दिसली ती फक्त पाठ. आपल्याकडे लहान पोर पेट्रोलच्या टाकीवर बसतं. औंढा नागनाथला जाताना मी तिथेच असायचो. वडिलांचे दोन हात दोन्हीकडून आणि सगळा रस्ता आधी माझा. धाकटी बहीण झाली, टाकी तिची झाली आणि माझ्या वाट्याला वडिलांच्या शर्टाची पाठ आली. वारा तोच, पण कुठे चाललोय ते विचारावं लागायचं. ख्रिसची चिडचिड मला तिथून कळते.

१९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिसचा खून झाला. पुढच्या आवृत्तीला पर्सिगने जोडलेलं उत्तरकथन त्याबद्दल आहे. ते वाचून पुन्हा पहिल्या पानावर आलात, तर मोटरसायकल मागे पडते आणि मागे बसलेल्या पोराने विचारलेले साधे प्रश्न ठळक होतात.

पुस्तक वाचाच. ग्रीक तत्त्वज्ञानाची पानं जड गेली तर खुशाल पुढे सरका, काही बिघडत नाही. ख्रिस बोलतो ती ओळ मात्र एकही सोडू नका.