हात पोचेल, नजर पोचेल

आमचं स्वयंपाकघर नवं करून चार वर्षं झाली. झाल्यावर पहिले दोन महिने घरी येणारी प्रत्येक बाई आधी स्वयंपाकघरात डोकावायची आणि मग सोप्यात येऊन बसायची. पांढरी चकचकीत दारं, काळा ग्रॅनाइट, वर काचेची चिमणी आणि डबा म्हणून एकसुद्धा नजरेला पडत नाही. "अगदी मासिकातल्यासारखं झालंय हो," असं बस्तीत भेटलेल्या तिघीचौघींनी सांगितलं. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन चातुर्मासात, मला फोन करून झुरळांचं औषध मारणारा माणूस बोलवावा लागला.

हे एवढं एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. ज्या घरात गाळल्याशिवाय पाणी कुणी पीत नाही, भाजी निवडताना अळी दिसली तर पानासकट उचलून परड्यात नेऊन ठेवतात, त्या घरात मी डबे-भांडी सोप्यात काढून ठेवली, सासूबाईंना दोन दिवस धाकट्या दिरांकडे पाठवलं आणि नाकाला पदर लावून दारात उभी राहिले. संध्याकाळी ट्रॉल्यांच्या मागून सुपलीभर झुरळं निघाली. सासूबाई परत आल्या, त्यांनी सगळं बघितलं, पण बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाशन केलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

स्वयंपाकघर सुंदर कसं करावं यावर पुष्कळ छापून येतं. कुठला रंग घ्यावा, कुठला दगड, दिवे कुठे लावावेत. त्या सौंदर्याची परीक्षा मात्र कुणी घेताना दिसत नाही. ती मला इथे घ्यायची आहे, आणि सुरुवात माझ्याच ओट्यापासून करते.

झुरळाला काय लागतं? अंधार, ऊब, ओल आणि खरकटं. या चारही गोष्टी आम्ही दोन लाख ऐंशी हजार रुपये मोजून करवून घेतल्या होत्या. ट्रॉल्यांची पेटी आणि मागची भिंत यांच्यामध्ये तीन बोटं फट होती. सिंकखाली बंद कपाट, त्यात गळका पाइप आणि ओल्या कचऱ्याचा डबा. ओट्याखालची चार इंचांची जागा दिसायला वाईट दिसते म्हणून तिच्यापुढे पट्टी ठोकलेली. मग आत केरसुणी जायची कशी? कपाटं भुशाच्या दाबलेल्या पाट्यांची. आमच्या बेळगावचा पाऊस एकदा बसला की दोन-दोन महिने उसंत देत नाही. त्या दमटपणात पाट्या फुगल्या, दारं लागेनाशी झाली आणि कडांना बुरशी धरली. बाहेरून मात्र सगळं पांढरं शुभ्र.

आपल्या धर्मात यत्नाचार नावाची फार शहाणी गोष्ट सांगितली आहे. जीव मारू नये हे तर खरंच, पण त्याच्याही आधी, जिथे जिवांची उत्पत्ती होईल अशी जागाच ठेवू नये. झाडावं, पुसावं, वाळवावं, उजेडात बघावं. म्हणजे अहिंसेचं निम्मं काम केरसुणी आणि खिडकी करते. माझ्या नव्या स्वयंपाकघरात केरसुणी पोचत नव्हती आणि खिडकीचा वरचा अर्धा भाग टांगलेल्या कपाटाने खाल्ला होता. पाप औषध मारणाऱ्या माणसाच्या हातून घडलं खरं, पण ते कागदावर आधीच आखलेलं होतं, आणि त्या कागदावर पसंतीची सही माझी होती.

हा एकसंध ओट्याचा आणि बंद कपाटांचा साचा आला कुठून, म्हणून वाचायला घेतलं तर तिथे एक बाईच भेटली. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की, व्हिएन्नाची वास्तुरचनाकार. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई होती. फ्रांकफुर्ट शहराने कामगारांसाठी नव्या वसाहती बांधायला घेतल्या, आणि 1926 मध्ये तिने त्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. जेमतेम सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. आगगाडीच्या खानपान डब्यातलं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होतं. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. आज आपल्याकडे जे 'मॉड्युलर' म्हणून विकलं जातं, त्याची ही आजी.

गंमत म्हणजे या बाईला तेव्हा स्वयंपाक करता येत नव्हता. तिने स्वतःच नंतर तसं सांगितलं होतं. पण तिने एक केलं. कुठल्या कामाला किती पावलं पडतात, किती वेळ लागतो, याची मोजणी विचारात घेतली. खिडकीसमोर काम करायची फळी ठेवली आणि बसायला फिरतं स्टूल दिलं, कारण चिरणं-निवडणं उभ्याने कशाला करायचं? पिठाचे खण ओक लाकडाचे केले, त्याने पिठात किडे होत नाहीत म्हणून. साखर-डाळीला ॲल्युमिनियमचे लहान खण, त्यांना ओतायला चोच. हे वाचताना मला तिचं कौतुक वाटलं. ती बाईच्या हाताकडे आणि पाठीकडे बघत होती.

आपल्याकडच्या दुकानांनी तिची कपाटं तेवढी उचलली आणि स्टूल तिथेच सोडलं.

दुसरा साचा अमेरिकेतला, 1940 च्या दशकातला. चूल, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण धरायचा, त्याची प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट. आमचं माप घ्यायला आलेल्या मुलानेही हा त्रिकोण मला पाठ म्हणून दाखवला. हिशोब चांगला आहे, पण तो कुणाच्या घरचा? आमच्यात शिळं खात नाहीत. आमच्या फ्रिजमध्ये दूध, थोडी भाजी आणि नातवंडं आली तर त्यांचं आइस्क्रीम. दिवसातून चारदा उघडला तर खूप. आमच्या घराचा तिसरा कोपरा पाण्याचा आहे.

पाणी म्हणजे काय काय, ते बघा. दुहेरी फडक्याने गाळायचं. गाळलेलं पाणी दोन घटका म्हणजे 48 मिनिटं चालतं, मग पुन्हा गाळायचं. उकळलेलं चोवीस तास चालतं. सासूबाई तेच घेतात. म्हणजे एक शेगडी पाण्यासाठी, ते निवायला झाकून ठेवायची जागा, गाळलेल्याचा हंडा वेगळा, उकळलेल्याचा वेगळा. आणि गाळणं. ते ओलं फडकं रोज पिळून, झटकून, उन्हात वाळवायला हवं. ओलं गाळणं बंद कपाटात ठेवलं तर ज्या जिवांसाठी ते वापरलं, त्यांचंच घर होतं. मी त्या मुलाला म्हटलं, "गाळणं वाळत घालायला खुंटी कुठे?" तो म्हणाला, "मॅडम, आरओ लावतोय ना!" आणि त्याने खुंटी न काढताच कागदाची घडी घातली. मीही गप्प बसले.

तुम्ही म्हणाल, मग जुनंच बरं होतं का? नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घराच्या सोप्याला चार खिडक्या होत्या आणि चुलीला एक झरोका. घर बांधणाऱ्या पुरुषांनी उजेडाची वाटणी अशी केली होती. सासूबाईंनी त्या धुरात रोज चौदा माणसांच्या भाकऱ्या थापल्या. त्यांचे डोळे सारखे पाझरतात आणि गुडघे गेले आहेत ते काही उगीच नाही. गॅस आला तेव्हा त्यांनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं होतं. जुन्या स्वयंपाकघराचे गोडवे गाणाऱ्याने आधी तासभर फुंकणी फुंकून बघावी.

पण त्या काळ्या भिंतींच्या खोलीत काही गोष्टी बिनचूक होत्या. भांड्यांची मांडणी उघडी, भिंतीला लावलेली. पाल शिरली तरी दिसायची आणि हाकलता यायची. चुलीवर चांदवा बांधलेला, म्हणजे वरून काही अन्नात पडायला नको. आणि पीठ फार साठवायचंच नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात. फ्रांकफुर्टच्या बाईने किड्यांवर ओकचं लाकूड शोधलं. आमच्या घरातल्या बायकांनी पिठाचा डबाच लहान ठेवला. दोघींची काळजी एकच होती. आता बघा, आमच्या नव्या ओट्यात वीस किलो पिठाची ट्रॉली होती! जागा दिली की माणूस ती भरतो. ती भरायला मग मीही दुकानातून दहा-दहा किलोची पिशवी आणू लागले. साधनाने माझा नियम मोडला आणि मला कळलंसुद्धा नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा नियम मला मनापासून पटतो. पण डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. नोकरीवरून साडेपाचला येणारी सून अर्ध्या तासात सगळ्यांना वाढते तेव्हा घरातली बाकीची माणसं काय करतात? महाराजांचा चौका लावायचा मान घराचा. पहाटे चारला उठून शोधायचं, दळायचं, भरायचं ते बायकांनी. नियम घराचे आणि कष्ट एकीचे, असं असेल तर स्वयंपाकघर कितीही चांगलं आखलं तरी ते निम्मंच चांगलं. फ्रांकफुर्टच्या स्वयंपाकघरावरही पुढे हाच आक्षेप आला, की त्यात एकच बाई मावते. दुसरं माणूस मदतीला उभं राहायला जागाच नाही. आपल्याकडे जागा असते, पण माणूस येत नाही.

आणि उंचीचं काय? दुकानातला ओटा सगळ्यांना 36 इंच. मी चार फूट अकरा इंच. त्यावर शेगडीची उंची, त्यावर कढई. फोडणी टाकताना माझे खांदे कानाला लागायचे. वर्षभर मी दुखऱ्या मानेला तेल चोळलं आणि वयाला दोष दिला. ओटा कोपरापेक्षा चार बोटं तरी खाली हवा, आणि पोळी लाटायला त्याहूनही खाली. शिंपी पोलक्याचं माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. लाख-लाख रुपये घेणारा माणूस बाईची उंची का विचारत नाही?

औषधाच्या त्या प्रकारानंतर मी गल्लीतल्या सुताराला बोलावलं. खालच्या कपाटांची दारं काढली. पुढची पट्टी काढून पेट्या सहा इंच उचलून स्टीलच्या पायांवर घेतल्या. आता केरसुणी भिंतीपर्यंत जाते. सिंकखालची जागा पूर्ण मोकळी केली. खिडकीवरचं टांगतं कपाट उतरवलं. खिडकीशी तीन फुटांचा, 31 इंच उंचीचा कडाप्प्याचा कट्टा केला आणि एक स्टूल ठेवलं. तांदूळ निवडणं, पोळ्या लाटणं आता तिथे. पिठाची ट्रॉली काढून पाच किलोचा डबा ठेवला. आणि मागच्या दाराबाहेर, ऊन येतं त्या भिंतीला, तीन खुंट्या. सगळं मिळून अठरा हजार लागले.

तोटे नाहीत असं नाही. डब्यांवर धूळ बसते, दर रविवारी पुसावे लागतात. ते काम आता नवऱ्याकडे आहे. पहिल्या रविवारी त्यांनी कुरकुर केली, आता रेडिओ लावून पुसतात. घरी येणाऱ्या बायका स्वयंपाकघरात डोकावत नाहीत. एखादं झुरळ अजून येतं. पण ते दिसतं, सुपलीत घेता येतं आणि परड्यात सोडता येतं. गेल्या दोन पावसाळ्यांत औषधवाल्याला फोन केला नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून पुतणीचा फोन आला. तिच्या नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराचं चित्र तिने पाठवलं होतं. सुरेख होतं, राखाडी आणि पांढरं, मधोमध मोठा कट्टा. "काकू, कुठला रंग चांगला दिसेल सांगा ना." मी म्हटलं, "रंगाचं नंतर बघू. तुझी कोपरापर्यंतची उंची किती? सिंकखाली हात घालून पुसता येईल का? खिडकी पूर्ण उघडते का? तुझा नवरा कुठे उभा राहून भाजी चिरणार? आणि गाळणं कुठे वाळत घालशील?"

ती हसायला लागली. मग जरा थांबून म्हणाली, "काकू, सध्या मी ते बाथरूमच्या दांडीवर घालते."

"मग आधी खुंटीची जागा ठरव," मी म्हटलं. "ती ठरली की मला फोन कर. मग रंगाचं बोलू."