अडकलेला चुकारा

नेरच्या बाजारात कापूस घालून चुकाऱ्यासाठी हेलपाटे मारलेल्या माणसाला 1944 सालची एक उपमा समजावून सांगावी लागणार नाही. जुलैचा महिना, अमेरिकेतले ब्रेटन वुड्स, 44 देशांची चलनपरिषद. भारताच्या वतीने ए. डी. श्रॉफ म्हणाले, बँकेत दहा लाख डॉलर आहेत, पण टॅक्सीच्या भाड्यापुरते पैसे खिशात नाहीत, अशा माणसासारखी आमची गत होईल. युद्धासाठी इथून माल गेला होता आणि त्याचे मोल लंडनच्या वहीत पौंड होऊन पडले होते. 1946 पर्यंत हे येणे सुमारे 1,700 कोटी रुपयांवर पोचले. जगातला केवढा मोठा अडकलेला चुकारा!

त्याच शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. जन्म रायगडातल्या नाते गावचा, पण सनदी नोकरी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातली. 1943 पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. या प्रसंगातली कोंडी पाहा. शिष्टमंडळाचे नेते जेरेमी रेझमन इंग्रज, आणि ज्याच्याकडून वसुली करायची तोही इंग्रजच. ब्रिटनच्या वतीने अर्थतज्ज्ञ केन्स यांनी उत्तर दिले ते सभ्य होते: ब्रिटन देणे मानाने फेडील, पण तो हिशेब ज्यांचा त्यांनी आपसात पाहावा. नकार इतक्या मऊ हाताने दिलेला मी क्वचितच वाचला आहे.

मला अधिक भुरळ पडते ती दुसऱ्या एका झटापटीची. याच परिषदेत आकार घेत असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या उद्दिष्टांत, आर्थिकदृष्ट्या अविकसित देशांच्या साधनसंपत्तीचा अधिक पुरेपूर वापर व्हावा, असे शब्द भारताला हवे होते. अंतिम मसुद्यात आले काय, तर सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास. 'अविकसित' गेले, 'सर्व' आले. वरवर पाहता दार रुंद झाले. पण ज्याच्यासाठी ते उघडायला सांगितले होते, त्याचे नाव पाटीवरून पुसले गेले. तरीही 'विकास' हा शब्द आत राहिला, आणि गुलाम देशाने तो आत नेला. ही कमाई मला लहान वाटत नाही.

निधीतल्या प्रत्येक देशाच्या वाट्याच्या आकड्यांतही तेच दिसते. चीनला 55 कोटी डॉलर, फ्रान्सला 45, भारताला 40. म्हणजे क्रम सहावा, आणि पहिल्या पाचांनाच कार्यकारी मंडळावर हक्काची जागा. पुढे सोव्हिएत संघ बाहेर राहिला आणि पाचवी खुर्ची भारताकडे आली. यात योगायोग आहेच. पण सहाव्या जागेपर्यंत ताणून धरले नसते, तर तो योगायोग दुसऱ्याच्या अंगणात पडला असता.

चिंतामणरावांनी 'मेघदूत' मराठीत आणले, हे मला इथे फार महत्त्वाचे वाटते. रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे मानणारे आपण. निरोप्याचे ते काव्य आपल्याला जवळचे. त्यात मेघ यक्षाला काहीच उत्तर देत नाही, आणि यक्ष त्या मौनालाच होकार मानतो. ब्रेटन वुड्सच्या करारात भारताच्या पौंडांबद्दल असेच मौन होते. ते मौन होकार मानून भारत गप्प बसला नाही. वाटाघाटी चालू राहिल्या, आणि पहिला अंतरिम करार झाला तो 1947 च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्य अगदी उंबरठ्यावर असताना.