उज्जैनचा मल्लखांब आणि आपण

मंडळाची स्मरणिका म्हटली की एक लेख ठरलेला असतो. आपण महाराष्ट्राबाहेर राहून काय काय टिकवलं आणि पुढची पिढी ते कसं घालवणार, असा त्याचा सूर असतो. मंडळ कसं उभं राहिलं, वर्गणीसाठी कोणी किती उंबरे झिजवले, हे सभासदांना तोंडपाठ आहे, तेव्हा ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. या अंकात अभिमान आणि काळजी या दोन्ही गोष्टी मल्लखांबाच्या निमित्ताने तपासून बघू. कारण महाराष्ट्राबाहेर आणि त्यातही आपल्याच मध्य प्रदेशात एखादी मराठी कला खऱ्या अर्थाने रुजली असेल, तर ती ही. ती का रुजली, हे नीट पाहिलं तर आपली नेहमीची काळजी थोडी चुकीच्या दिशेने चालली आहे असं दिसतं. मल्लखांब टिकला तो आपल्या लोकांनी तो आपल्यापुरता राखला म्हणून नव्हे. शेजारच्यांच्या पोरांना अखाड्यात घेतलं, म्हणून टिकला.

तसं पाहिलं तर ‘बाहेर’ हा शब्द आपल्याला लागूच होत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्या दिवशी सौंसर-पांढुर्ण्यातल्या कोणी बिस्तरा बांधला नाही; राजधानी तेवढी नागपूरहून भोपाळला गेली. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, तरी जाम नदीच्या अलीकडचं सावरगाव आणि पलीकडचं पांढुर्णा बोलतं तेच, जे आधी बोलत होतं. मल्लखांबाने मात्र खरोखरच गाव सोडलं. ही विद्या नव्याने उभी केली ती दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. १८१८ ला पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला म्हणजे बिठूरला गेले आणि त्यांच्या मागोमाग तालीमही उत्तरेत गेली. काशीला देवधरांच्या परंपरेचा अखाडा झाला. बडोद्याला जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी व्यायामविद्येचा जो पसारा मांडला, त्यात मल्लखांब मानाने होता. व्यायामज्ञानकोशाचे जाडजूड मराठी खंडही बडोद्याहूनच निघाले. गुरू एका धर्माचा आणि शिष्य दुसऱ्या, अशा त्या तालमीत हा खेळ अमक्याचाच, असं म्हणायला जागा नव्हती. थोडक्यात, मल्लखांबाचा निम्मा इतिहास महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर घडला आहे, आणि आपल्याला तो शिवाजी पार्कवरच सुरू झाला असं वाटतं.

उज्जैनचं प्रकरण तर प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीने मुद्दाम वाचावं असं आहे. १९५८ ला दिल्लीत राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या वेळी मल्लखांबाचं प्रात्यक्षिक झालं, आणि १९६२ ला ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला पहिल्यांदा स्पर्धेचा दर्जा मिळाला. चौदा-पंधरा वर्षं हे चाललं. मग १९७६-७७ च्या सुमारास जिम्नॅस्टिक्सच्या संघटनेने मल्लखांब राष्ट्रीय स्पर्धेतून काढून टाकला. अशा वेळी आपण काय करतो? निषेधाचा ठराव करतो, वर्तमानपत्राला पत्र लिहितो, आणि पुढच्या स्मरणिकेत हळहळतो. उज्जैनमध्ये बमशंकर जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १९८१ मध्ये मल्लखांबाची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धाच भरवली, राज्याराज्यांचे प्रतिनिधी बोलावले, नियम बसवले, आणि त्यातून भारतीय मल्लखांब महासंघ उभा राहिला. एका खेळाचा पुनर्जन्म पुण्या-मुंबईत न होता क्षिप्रेकाठी झाला. अशा माणसांचं कौतुक करताना हात आखडता घेऊ नये. निधी नाही, मैदान नाही, पेपरात ओळ नाही, तरी पहाटे अखाड्याचं दार उघडणारा माणूस हाच खरा संस्थापक. उद्घाटनाची फीत कापणारे पुष्कळ मिळतात. पुढे २०१३ ला मध्य प्रदेश सरकारने मल्लखांब हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला आणि २०२० ला उज्जैनचेच प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आडनावाकडे लक्ष द्या. देवधरांच्या विद्येचा द्रोणाचार्य मालवीय निघाला, यात आपली हार आहे असं ज्याला वाटतं त्याने हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांतला मल्लखांब उज्जैनला झाला. अठरा वर्षांच्या आतली पोरं. आपल्या अंगणात असती तर दहावीच्या क्लासला पिटाळली गेली असती अशी. त्या वयाच्या मुलाचा पुरलेल्या खांबावरचा संच जेमतेम दीड मिनिटाचा असतो, पण त्या दीड मिनिटात डोळा लवत नाही. खांब सागाचा किंवा शिसवीचा, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता होत गेलेला; त्याचं अंग, त्यावर बारीक मान आणि टोकाला बोंड. त्याला एरंडेल चोळलेलं. मुलगा नमस्कार करतो, दोन पावलं मागे जातो आणि झेप घेऊन मांड्यांत खांब पकडतो. ही अढी. हात सुटलेले, डोकं खाली, आणि सगळा भार मांडीच्या आतल्या कातडीवर. मग कमरेतून उलटून तो वर सरकतो, एका काखेत खांब धरून आडवा होतो, काख सुटायच्या आत दुसरी पकड घेतो. गंमत अशी की एरंडेल घसरण्यासाठी नसतं. खांबावर कातडी सोलू नये आणि पकडही राहावी, यासाठी ते बेताने लावायचं असतं. कमी लागलं तर अंग भाजतं, जास्त लागलं तर पोरगा थेट गादीवर. शेवटी मानेवरून बोंडावर येऊन तो त्या तळहाताएवढ्या जागेवर तोल सावरतो. वरच्या बाजूला धरायला काही नाही. क्षणभर स्थिर राहून तो उडी मारतो आणि दोन्ही पाय जुळवून उतरतो. मुलींच्या दोरीच्या मल्लखांबात तर गाठ मारायची मुभाच नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून वर चढायचं, आणि आसन केवळ वेढ्यांवर पेलायचं. ज्यांना ही पिढी मोबाईलच्या पलीकडे काही करत नाही असं वाटतं, त्यांनी एकदा त्या पोरींची पायाची बोटं पाहावीत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप जुन्या तालीमबाजांचा: लाल मातीच्या जागी गाद्या आल्या, मागे सिनेमाचं गाणं वाजतं, टीव्हीसाठी बाटल्यांवर आणि मशालींसह कसरती होतात, गुणांसाठी अवघड उड्या कोंबल्या जातात, हा मल्लखांब राहिला का? आक्षेप सगळाच खोटा नाही. ज्या प्रात्यक्षिकात पकडीपेक्षा मशाल जास्त दिसते, ते पाहताना वाईट वाटतंच. पण तडजोडीने कला मरते हे इतिहासाला धरून नाही. आज ज्याला आपण परंपरेचा दोरीचा मल्लखांब म्हणतो तो मुळात वेताचा होता. चांगला लांब वेत मिळेनासा झाला म्हणून सुती दोरी आली. त्या वेळी कोणी हट्ट धरला असता, की वेत नाही तर खेळ नाही, तर मुलींचा हा सगळा प्रकारच उभा राहिला नसता. मुली पुढे पुरलेल्या खांबावरही आल्या. कशाला हात लावायचा नाही, हे ठरवता आलं पाहिजे, आणि ते गादी की माती यावर ठरत नाही. रोजचा सराव, पकडीची शुद्धता आणि लहानाने मोठ्याकडून शिकायची रीत, एवढं सुटलं तर मात्र गाण्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सगळ्यांना शिकवलं तर कला उरेल, पण ती मराठी कुठे उरेल? छत्तीसगडच्या अबुझमाडमधल्या आदिवासी मुलांनी मल्लखांबावर ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा २०२३ ला जिंकली. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा जर्मनी, जपान, अमेरिकेचे खेळाडू उतरले, आणि त्यामागे श्री समर्थ व्यायाममंदिराच्या उदय देशपांडे यांची अनेक दशकांची खटपट होती, ज्यासाठी त्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली. या सगळ्या मुलांना मराठी येत नाही. नाहीच येत. पण मल्लखांबाने मराठी भाषा वाहून न्यावी, ही अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो? भाषेसाठी आपल्याकडे घर आहे, शाळेसाठीचा आग्रह आहे, वाचनालय आहे. ती कामं आपण टाळायची आणि खांबावर चढलेल्या पोराकडून उच्चाराची शुद्धता मागायची, हे बरं नव्हे. इथे उपदेश होतो आहे खरा, पण तो टाळता येत नाही.

आणि आपल्या पोरांनी सोडलं तर? बरीच सोडतील. दहावी, बारावी, नोकरीसाठी नागपूर नाहीतर पुणे. उज्जैनमध्येही गळती असणारच. फरक एवढाच की दार सगळ्यांना उघडं असलं तर दहा गळाल्यावर पाच नवी येतात. दार आडनाव पाहून उघडलं तर दहा गळाल्यावर कुलूप. म्हणून आपल्या सावरगावच्या संदर्भात हा प्रश्न भावनेचा न ठेवता व्यवहाराचा करावा. वरूडवरून गेलं की अमरावती आहे; तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालतं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. शिकवणारा माणूस तिथून आणता येतो. साग आपल्या सातपुड्यात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आपली आठवण काढतात ती गोटमारीच्या, म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवरून होणाऱ्या दगडफेकीच्या, जखमींचे आकडे छापायला. पण त्यासाठी भर नदीत पळसाचं झाड रोवणाऱ्या गावांना शाळेच्या मैदानात एक खांब रोवणं जड जाऊ नये. खर्च सागाचा, गाद्यांचा आणि एरंडेलाचा. खरी अडचण शिकवणाऱ्याच्या मानधनाची आहे, कारण वर्गणी देणारा गणपतीच्या रोषणाईला देतो, प्रशिक्षकाला द्यायचं म्हटलं की पावती पुस्तक दुसऱ्या घरी न्यायला सांगतो. येत्या सर्वसाधारण सभेत रोषणाईच्या रकमेतला थोडा भाग या कामी वळवावा आणि पहिल्या तुकडीत नदीच्या दोन्ही काठांची, मराठी-हिंदी सगळ्या घरांतली मुलं-मुली घ्यावीत, असा ठराव कोणीतरी मांडावा.